घरची पाणबुडी आणि कारागिराचें सत्य

पाणबुडी म्हटली कीं आपल्या डोळ्यांसमोर आरमार उभें राहतें. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली 'शालकी' १९९२ सालीं भारतीय नौदलांत दाखल झाली, आणि आपल्या देशांत बांधलेली पहिली पाणबुडी होण्याचा मान तिला मिळाला. पुढें त्याच गोदींतून 'कलवरी', 'खांदेरी', 'करंज' अशा नौका बाहेर पडल्या. 'खांदेरी' हें नांव ऐकून महाराष्ट्रांतील कोणत्या मुलाची छाती फुगणार नाहीं? परंतु या नौका सहस्रावधि हातांनीं व राष्ट्राच्या द्रव्यानें सिद्ध झालेल्या असल्यामुळें, पाण्याखालीं जाणारें यंत्र बांधणें हें केवळ सरकारचें काम होय, शाळकरी मुलानें त्याचा विचार करणें म्हणजे लहान तोंडीं मोठा घांस, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत मला मान्य नाहीं. तिच्या उलट, अंगांत हौस असली म्हणजे पुरे, बाकी सर्व आपोआप जमतें, अशीहि एक समजूत आहे. ती तर पहिलीहून घातक आहे. या दोहोंच्या मधून जाणारी जी वाट आहे ती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस दाखवावी, एवढाच या लेखाचा हेतु.

पाणबुडीचा इतिहास पाहूं लागलों तर तिच्या पाळण्याची एक दोरी शाळामास्तराच्या आणि दुसरी धर्मोपदेशकाच्या हातांत दिसते. जॉन फिलिप हॉलंड हे १८४१ सालीं आयर्लंडमध्यें जन्मले. ख्रिस्ती बंधूंच्या संघांत राहून त्यांनीं तेथील शाळांत मुलांना शिकविलें, व पुढें अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतील पॅटर्सन गांवीं तेंच काम पत्करलें. १८७५ सालीं त्यांनीं पाणबुडीचा आपला आराखडा अमेरिकेच्या नौदलाकडे धाडला; तो नापसंत होऊन परत आला. तरी मास्तर खचले नाहींत. १८७८ सालीं अवघी चौदा फूट लांबीची, एका माणसापुरती नौका त्यांनीं पसेइक नदींत सोडली. पहिल्याच खेपेस ती सरळ तळाशीं गेली! त्यांनीं ती वर काढविली, दोष शोधून दूर केला, आणि थोड्याच दिवसांनीं स्वतः तींत बसून ते पाण्याखालीं गेले व सुखरूप वर आले. ज्या नौदलानें त्यांचा कागद परत पाठविला होता, त्यानेंच १९०० सालीं त्यांची पाणबुडी विकत घेतली.

दुसरे गृहस्थ इंग्लंडांतील मँचेस्टरचे रेव्हरंड जॉर्ज गॅरेट. त्यांनीं १८७९ सालीं बर्कनहेड येथें लोखंडाची, वरून लाकूड मढविलेली, वाफेवर चालणारी पाणबुडी बांधविली. पाण्याखालीं जाण्यापूर्वीं भट्टी बंद करावयाची आणि सांठविलेल्या वाफेवर पुढें जावयाचें, अशी तिची योजना होती. तिचें नांव त्यांनीं लॅटिन भाषेंत 'रिसर्गम' असें ठेविलें. म्हणजे 'मी पुन्हां उठेन'. १८८० च्या फेब्रुवारींत वेल्सच्या किनाऱ्याजवळून दुसऱ्या जहाजामागें बांधून तिला नेत असतां वादळ झालें. माणसें पुढच्या जहाजावर होतीं, त्यामुळें प्राणहानि झाली नाहीं. परंतु पाणबुडीचें झांकण बाहेरून बंद करण्याची सोयच नव्हती; लाटांचें पाणी आंत शिरलें आणि नौका बुडाली. मोठें यंत्र, मोठी बुद्धि, मोठें नांव. आणि तें सर्व एका झांकणापायीं तळाशीं गेलें. १९९५ सालीं तिचा सांपळा समुद्रांत सांपडला.

या दोन गोष्टींत माझा सर्व मुद्दा सामावला आहे. सामान्य माणूस पाणबुडी बांधूं शकतो. परंतु पाणी कोणाची भीड ठेवीत नाहीं. परीक्षकास एखादें उत्तर चुकवून पुढचें नीट लिहितां येतें. पाणी मात्र नेमकें चुकलेल्या ठिकाणींच बोट घालतें.

पालक विचारतील कीं, निमगांव सावा आणि समुद्र यांच्यामध्यें सगळा सह्याद्रि आडवा पडला आहे. आमच्या जुन्नर-आंबेगांवच्या मुलांना या विद्येशीं काय कर्तव्य? त्यांनीं आपल्याच मळ्यांतील विहिरींत डोकावून पहावें. तेथें जी मोटार रात्रंदिवस पाण्यांत बुडून काम करिते, तिला आपले लोक 'पाणबुडी मोटार' असेंच म्हणतात. पाण्यांत राहावें आणि पाणी आंत येऊं देऊं नये, ही जी तिची करामत, तीच पाणबुडीची विद्या होय. येडगांव व डिंभें येथील धरणांनीं आपल्या डोंगरांत खोल पाणी उभें केलें आहे. जुनें आंबेगांव त्याच डिंभ्याच्या जलाशयांत गेलें. तेव्हां पाण्याखालीं काय आहे हें पाहण्याची गरज समुद्रकांठच्या लोकांनाच असते असें नाहीं.

आतां पाण्याचा स्वभाव पाहूं. तांब्या उपडा करून पाण्यांत दाबला तर हवा त्यांत कोंडून राहते, हें प्रत्येक मुलानें पाहिलें आहे. तोच तांब्या दहा मीटर, म्हणजे सुमारें पांच-सहा पुरुष, खोल नेला तर आंतील हवा आकसून निम्मी होते. दर दहा मीटरांस प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर सुमारें एक किलोग्रॅम भार वाढतो, असा हा साधा हिशेब आहे. रॉकेलच्या रिकाम्या डब्याची एक बाजू साधारणतः आठशें चौरस सेंटिमीटर भरते. दहा मीटर खोलीवर त्या एका पत्र्यावर आठशें किलोग्रॅमांचा भार येईल आणि डबा कागदासारखा चुरगळेल. म्हणून पाण्याखालच्या पात्रास सपाट बाजू चालत नाहींत. गोल किंवा नळीसारखा आकार लागतो, व नळीला आंतून कड्यांच्या फांसळ्या द्याव्या लागतात. अंडें मुठींत सर्व बाजूंनीं सारखें दाबलें तर सहजासहजीं फुटत नाहीं, त्यांतलेंच हें रहस्य आहे.

पात्र कशाचें करावें, हा पुढचा प्रश्न. घरीं पाणबुडी बांधणारे बहुतेक शहाणे लोक पोलादच पसंत करितात, आणि तें योग्य आहे. पोलाद गंजतें, जड असतें, तथापि त्याचा स्वभाव पूर्ण ठाऊक आहे. किती जाडीचें पोलाद किती भार सोशील हें गणितानें काढतां येतें, आणि तें तुटण्यापूर्वीं बहुधा वांकून सूचना देतें. सोयरीक जुळवितांना आपण घराणें विचारतों. धातूशीं सोयरीक करितांनाहि त्याचें घराणें विचारलें पाहिजे. भंगारांतून आणलेली नळी कोठें वापरलेली, कशानें झिजलेली, कोणत्या प्रतीची, हें कळलेलें नसेल तर ती स्वस्त नव्हे, महाग आहे. सांधे जाणत्या कारागिराकडून जोडून घ्यावे आणि दुसऱ्या जाणत्याकडून तपासून घ्यावे.

पाणबुडींतील सर्वांत मोहक आणि सर्वांत नाजूक भाग म्हणजे बाहेर पाहण्याचा पारदर्शक घुमट. सपाट खिडकींतून पाहिलें तर मासा खऱ्यापेक्षां एक-चतुर्थांश जवळ व सुमारें एक-तृतीयांश मोठा दिसतो. घुमटाच्या मध्यबिंदूजवळ डोळा ठेविला तर प्रकाशकिरण जवळजवळ सरळ आंत येतात, आणि चहूंकडचा देखावा विशाल व निर्मळ दिसतो. हा घुमट हल्लीं ॲक्रिलिक नांवाच्या पदार्थाचा करितात. त्याचें जाड पान तापवून मऊ करितात आणि हवेच्या दाबानें फुगवितात. मग अंगांतील ताण निघून जावे म्हणून तो पुन्हां मंद उष्णतेंत ठेवून सावकाश निववितात. ही शेवटची क्रिया घाईनें उरकली तर ताण आंतच राहतात व कांहीं काळानें बारीक भेगांच्या रूपानें वर येतात. साठ सेंटिमीटर व्यासाचा घुमट तीस मीटर खोल नेला तर त्याच्या बैठकीवर सुमारें साडेआठ टनांचा भार पडतो! म्हणून ती बैठक आरशासारखी सपाट असावी लागते, मध्यें रबराचें कडें लागतें, आणि घुमटाला भोक पाडून स्क्रू बसविणें हें तर महापाप होय. कारण भोकाच्या कडेलाच भेग जन्म घेते. पुसतांना स्पिरिट किंवा रंग पातळ करण्याचें द्रव्य वापरलें तर त्याच्या अंगावर जाळें पडतें. साधें पाणी आणि सौम्य साबण हेंच त्याचें औषध. ऊन आणि वर्षें यांनींहि तो थकतो. अमेरिकेंतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या नियमांत अशा खिडक्यांना साधारणतः दहा वर्षांचें आयुष्य धरलेलें आहे. डोळ्याला तो नवाकोरा दिसला तरी त्याचें वय विचारावेंच लागतें.

विल्यम बीब यांनीं १९३४ सालीं बर्म्यूडाजवळ पोलादी गोलांत बसून ३,०२८ फूट खोल जाण्याचा पराक्रम केला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. त्याच्या दोन वर्षें आधीं काय घडलें, तें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. १९३२ सालीं त्यांनीं गोलाला नवी खिडकी बसविली. पण स्वतः न बसतां गोल रिकामाच खोल सोडला. तो वर आला तेव्हां आंत जवळजवळ पाणीच भरलें होतें. दाराचा मधला बोल्ट सैल करितांच तो आंतल्या दाबानें बंदुकीच्या गोळीसारखा जहाजाच्या फळीवरून उडाला. त्या खेपेस आंत माणूस असता तर काय झालें असतें, हें सांगावयास नको. मला विचाराल तर १९३४ च्या विक्रमापेक्षां १९३२ ची ती रिकामी खेप मी अधिक थोर समजतों. आपल्या देशांतहि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनें तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठीं 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी हातीं घेतली, तेव्हां टायटॅनियमच्या गोलापूर्वीं पोलादाचा गोल करून २०२१ सालीं बंगालच्या उपसागरांत तो सुमारें सहाशें मीटरांपर्यंत आजमावून पाहिला. मोठीं माणसें पायरी गाळीत नाहींत.

जे गाळितात त्यांचें काय होतें, तें जगानें १८ जून २०२३ रोजीं पाहिलें. 'टायटॅनिक' जहाजाचे अवशेष सुमारें ३,८०० मीटर खोल आहेत. ते दाखविण्यासाठीं निघालेली 'टायटन' नांवाची पाणबुडी एका क्षणांत चिरडली गेली आणि आंतील पांचहि जणांचा अंत झाला. त्यांत एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. तिचें कवच कार्बनच्या तंतूंचें होतें. हे तंतू ओढ सोसण्यास फार बळकट. पण दोरी ओढीला बळकट असली म्हणून तिच्या टोंकावर कोणी उभें राहूं शकत नाहीं. त्या नौकेची कोणत्याहि मान्य संस्थेकडून रीतसर तपासणी करून घेतलेली नव्हती, आणि या विद्येंतील कित्येक जाणत्यांनीं २०१८ सालींच पत्र लिहून भीति व्यक्त केली होती. होंडुरस देशांतील रोआतान बेटावर कार्ल स्टॅन्ली नांवाचे गृहस्थ आहेत. त्यांनीं वयाच्या पंधराव्या वर्षीं घरीं पाणबुडी बांधावयास घेतली आणि ती पुरी करण्यास आठ वर्षें घालविलीं. ते २०१९ सालीं 'टायटन'मधून खालीं गेले असतां त्यांना कवचाचे कडकड आवाज ऐकूं आले, व त्यांनीं मालकांस सावध केलें. कोणीं ऐकलें नाहीं. घरगुती कारागिराचे कान जें ऐकतात, तें पुष्कळदां श्रीमंत कंपनीच्या कचेरींत ऐकूं जात नाहीं. हा अपघात टाळतां आला असता, असाच निर्वाळा अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या चौकशीनें २०२५ सालीं दिला.

म्हणजे नवा पदार्थ वापरूंच नये कीं काय? तसें नव्हे. आपल्या शेजारीं खोडदला जाऊन पहा. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या तीस थाळ्या, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या, बारीक तारांच्या जाळीच्या केलेल्या आहेत आणि ती जाळी ताणलेल्या दोरांवर तोललेली आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनीं ओढ सोसणाऱ्या तारेला ओढीचेंच काम दिलें, वाऱ्याला जाळींतून वाट दिली, आणि थोड्या खर्चांत जगांत नांव घेण्याजोगें काम उभें केलें. काटकसर तेथेंहि आहे आणि 'टायटन'मध्येंहि होती. एक काटकसर ज्ञानांतून निघाली, दुसरी अहंकारांतून. वाळूवर घर बांधणाऱ्याचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. त्या माणसाजवळ दगड-विटा कमी होत्या असें नाहीं, पाया पाहण्याचें धैर्य कमी होतें.

बांधण्याइतकेंच मोल जुनें दुरुस्त करण्याला आहे, आणि आपल्या मुलांना तें कळावें अशी माझी फार इच्छा आहे. हॉलंड यांच्याच आराखड्यावरून इंग्लंडच्या आरमाराची पहिली पाणबुडी १९०१ सालीं पाण्यांत उतरली. १९१३ सालीं मोडींत विकून ओढून नेत असतां ती समुद्रांत बुडाली, आणि १९८२ सालीं वर काढण्यांत आली. तिला गंजरोधक लेप देऊन गॉसपोर्टच्या संग्रहालयांत ठेविलें. पण लोखंडाच्या पोटांत मुरलेलें समुद्राचें मीठ शांत बसलें नाहीं व गंज पुन्हां फुटला. तेव्हां १९९५ सालीं तिच्याभोंवतीं प्रचंड टांकी बांधून कांहीं वर्षें ती सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याच्या, पाण्यांत बुडवून ठेविली. मीठ निघून गेलें आणि नौका वांचली. वरून रंग फासणें सोपें. आंतलें मीठ काढावयास वर्षें लागतात. ज्यानें एखादें जुनें यंत्र उघडून, झिजलेलें कडें बदलून, पुन्हां चालू केलें आहे, त्याला नव्या यंत्राविषयीं फुशारकी मारण्याचा मोह होत नाहीं.

पालकांच्या मनांतील शंका मला ठाऊक आहेत: अभ्यास बुडेल, पैसा जाईल, जिवाला धोका होईल. पहिल्या दोहोंस उत्तर सोपें आहे. आर्किमिडीजचा सिद्धांत जो मुलगा पुस्तकांतून दहा वेळां घोकतो, तो दोनशें लिटरांचें पिंप बुडविण्यास दोनशें किलो वजन कां लागतें हें एकदां स्वतः अनुभवतो, तेव्हां तो सिद्धांत जन्मभर विसरत नाहीं. तिसरी शंका मात्र खरी आहे, आणि तिला मी हांसणार नाहीं. माझें मत असें कीं, माणूस बसेल अशी पाणबुडी शाळेच्या वयांत कोणीं बांधूं नये. ती आयुष्यांत पुढें, शिक्षण व अनुभव मिळाल्यावर, दुसऱ्याची तपासणी पत्करून बांधावी. पण माणसावांचूनची पाणबुडी आजच बांधतां येते, आणि आपल्या गांवांत तिची खरी गरज आहे.

विहिरींत मोटार अडकली, गाळांत रुतली, किंवा बांधकामाचा दगड निसटला, म्हणजे आपल्याकडे माणूस दोर धरून खालीं उतरतो. जुन्या, बंद विहिरींत प्राणघातक वायु सांचलेला असतो. दोर तुटतो, पाय घसरतो. खालीं काय झालें आहे हें वरूनच पाहतां आलें तर पुष्कळदां उतरण्याचें कारणच उरणार नाहीं. जाड पोलादी नळीचा हातभर तुकडा घ्यावा. एका टोंकास पोलादी तबकडी, दुसऱ्या टोंकास ॲक्रिलिकची जाड चकती, मध्यें रबराचीं कडीं. आंत लहान कॅमेरा आणि बॅटरीचा दिवा. वर बळकट दोर. हीच आमच्या शाळेची पहिली पाणबुडी. आंत कॅमेरा ठेवण्यापूर्वीं कोरा कागद ठेवून ती तासभर तळाशीं सोडावी. कागद ओला निघाला तर कोणीं रागावूं नये. चूक कोठें झाली तें वहींत लिहावें, आणि पुन्हां प्रयोग करावा. दहा वेळां कागद कोरडा निघाला म्हणजेच कॅमेरा आंत जावा. विहिरीच्या कांठाशीं शिक्षक किंवा वडील माणूस असल्यावांचून एकाहि मुलानें पाऊल टाकूं नये, पाण्यांत तर कोणींच उतरूं नये, आणि घरची वीज या कामांत मुळींच वापरूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, त्या कोरड्या कागदाची किंमत तुम्हांला वाटते त्याहून मोठी आहे. त्यावर शिक्षकाची सही नसेल, गुणांचा आंकडा नसेल. तरीहि तुमचें काम खरें आहे अशी ती पाण्यानें दिलेली साक्ष असेल. मुलांनो व मुलींनो, बांधा, मोडा, दुरुस्त करा. परंतु 'एवढ्यानें काय होतें' हें वाक्य हत्यारांच्या पेटींत कधींहि ठेवूं नका. आणि पालकहो, आपल्या घरांतील मूल रबराच्या कड्यावरील केसाएवढी चीर भिंगानें न्याहाळीत बसलेलें दिसलें तर त्याला हांक मारून उठवूं नका. त्या चिरेकडे आज तें ज्या नजरेनें पाहत आहे, तीच नजर उद्यां कोणाच्या तरी बापाला विहिरीच्या तळाशीं उतरण्यापासून वांचविणार आहे.